धुळीची फेरी

गॅरेजवाल्या रेआलनं लोखंडी पहार पुढच्या डाव्या चाकाखाली घालून दाबली. टक. पुन्हा दाबली. टक.

"हे तुम्हाला ऐकू येत नव्हतं, रोझेरकाका?"

"काय?"

"आवाज हो, आवाज!"

"रस्तेच तसले आहेत इकडचे," रोझेर म्हणाले आणि लिफ्टवर चढवलेल्या आपल्या जुन्या गाडीकडे बघत राहिले.

रेआलनं त्यांच्या मुलीकडे पाहिलं. सोलांज सकाळच्या बसनं क्युबेक शहरातून आली होती. वडील तिला थांब्यावरून घरी घेऊन आले तेव्हा वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला तिनं ती टक ऐकली होती.

"बॉल जॉइंट गेलाय," रेआल तिला म्हणाला. "चाकाला धरून ठेवणारा सांधाच. हा निखळला की चाक आडवं. उन्हाळ्यापासून वाजत असणार. बहिऱ्यालासुद्धा..." तो थांबला आणि हातात पाना असताना पाना शोधू लागला.

या हिवाळ्यापासून गाडी चालवू नका, बाबा. एवढं एकच वाक्य बोलायला सोलांज आली होती. रविवारपासून ते घोळवत होती. भाऊ फोनवर म्हणाला होता, "तूच सांग. मी सांगितलं तर ओरडतील. तू सांगितलंस तर नुसते गप्प बसतील." त्या गप्प बसण्याचीच तिला भीती होती.

रेआलनं नवा सांधा बसवला. बर्फाचे टायर चढवले. रेडिएटरचं पाणी किती थंडीपर्यंत गोठणार नाही ते तपासलं. शेवटी लांब नळीनं दारांच्या पोटात आणि गाडीच्या तळाला तेल फवारलं. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, ते पत्रा खातं, त्यावर हा उपाय.

तेलाचा वास आला आणि सोलांजला मागची सीट आठवली. तिघं भावंडं, घट्ट लावलेल्या काचा, आईच्या नाकावरचा रुमाल. तेल मारलं की गाडी थेट मातीच्या रस्त्यावर पळवायची, म्हणजे वर धूळ बसते आणि तेल गळून जात नाही, असं या भागात सगळेच मानतात. सोळाव्या वर्षी, नुकतंच रसायनशास्त्र शिकलेल्या सोलांजनं, धूळ उलट ओल धरून ठेवते, असं चालत्या गाडीत समजावून सांगितलं होतं. "मग तुझ्याच बाजूचं दार गंजेल," बाबा म्हणाले होते आणि त्यांनी वेग वाढवला होता. आई रुमालाआड हसत होती.

"चल, धूळ खाऊन येऊ," रोझेर म्हणाले आणि सवयीनं स्टिअरिंगमागे जाऊन बसले. सोलांज शेजारी बसली.

इथे शेतांच्या रांगांना आणि त्यांमधल्या रस्त्यांना आकडेच आहेत; आठव्या रांगेतला रस्ता डांबरी झालेला निघाला. नवव्या रांगेतलाही.

"सत्यानाश केला," रोझेर म्हणाले. "सगळं तेल डांबरावर गळतंय. मेयरला काय, त्याची गाडी दर तीन वर्षांनी नवी! दहाव्या रांगेत असेल माती. असायलाच हवी."

आणि खरंच, डावीकडे मातीचा फाटा दिसला. रोझेर खूश झाले. मागून ओंडक्यांचा ट्रक त्यांना डावीकडून ओलांडायला बाहेर पडला होता आणि सारखा हॉर्न देत होता. रोझेर वळू लागले.

"बाबा!"

सोलांजनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. ट्रक दाराजवळून सणसणत गेला. सालींचा चुरा बॉनेटवर पडला.

रोझेर यांनी गाडी कडेला थांबवली आणि त्या दूर जाणाऱ्या ट्रककडे पाहिलं. मग त्यांनी आरसा पाहिला, मान वळवून मागे पाहिलं, गाडी सावकाश मातीच्या रस्त्यावर घेतली आणि थांबवली.

"हॉर्न दिला असेल ना त्यानं?"

"हो."

"कितीदा?"

खोटं बोलावं असं तिला वाटलं. "सारखाच देत होता, बाबा."

त्यांनी मान हलवली. रविवारपासूनचं वाक्य तिच्या ओठांवर आलं, पण तोवर त्यांनी पट्टा सोडला होता. ते उतरले, बॉनेटला हात लावत पलीकडे आले आणि तिचं दार उघडलं.

"सरक तिकडे, माझ्या जागी. मी इथेच उभा राहतो."

"बसा की शेजारी."

"शेजारी बसून काय दिसणार? तेहतीस वर्षं हे असं करतोय, एवढ्या गाड्या झाल्या, पण बाहेरून कसं दिसतं ते कधी बघितलंच नाही. तुझी आई म्हणायची, गवताची गंजी पेटून पळतेय असं दिसत असेल." त्यांनी टोपी घट्ट केली. "पळव चांगली. मास्तरणीसारखी नको चालवूस."

सोलांज त्यांच्या जागी बसली. पाय पोचेनात. सीट कित्येक वर्षं कुणी हलवली नव्हती. दोनदा हिसके दिल्यावर ती कुरकुरत पुढे आली.

तिनं काचा लावल्या आणि वेग घेतला. मागे धूळ उठली, आरशात वाढत गेली. टोपीवाली उंच आकृती लहान झाली, मग दिसेनाशी झाली. मेपलच्या राईपाशी तिनं गाडी वळवली. समोर सगळा रस्ता पिवळट धुळीनं भरला होता.

त्या धुळीतून ते हळूहळू दिसू लागले. तोंड मिटलेलं, भुवया, मिशा, कोट, सगळं मातकट. त्यांनी हात वर केला. सोलांजनं वेग कमी केला, तर ते हात हलवून तिला न थांबता पुढे जायला, आणखी एक फेरी मारायला सांगत होते.