कमरेवरचा पतंग

ओहोटीच्या ओल्या वाळूवर मृणालने दादाच्या कमरेला रुंद पट्टा आवळला आणि दोन्ही हातांनी उडवायच्या पतंगाच्या दोन्ही मुठींना जोडणारी दोरी पट्ट्याच्या आकड्यात अडकवली.

"एकदाच उडवतो," दादा म्हणाला. "ऑपरेशन झालेल्या खांद्याला हे झेपायचं नाही. मग हा पतंग देऊन टाक कुणाला तरी."

भलामोठा पतंग वाऱ्यावर उसळला. दादाने सवयीने मुठी छातीशी ओढल्या आणि खांद्यातून कळ गेली.

"हात सैल सोड. कमरेला अडकवलाय, जाणार नाही."

त्याने भीत भीत दंड ढिले केले. सगळी ओढ कमरेवर आली. तो मागे रेलला, टाचा वाळूत रुतल्या. एक मूठ नुसती कलती केली, तसा पतंग समुद्राकडे वळला.

"दमलास? उतरवूया?" बऱ्याच वेळाने मृणालने विचारलं.

दादाची नजर वरच होती. "उद्या ओहोटी किती वाजता आहे गं?"