दोन बोटं उंच

पाणी हवंय.

खिडकी लावा.

डावा पाय.

नको म्हटलं ना!

कोण आलंय?

ताई एकेक चौकोन दाबून बघत होती. प्रत्येक चौकोनात एक चित्र, आणि दाबलं की तिचाच आवाज. आईची वाचा गेली तेव्हा ताई आणि धाकटा, दोघा भावंडांनी मिळून केलेलं हे ॲप. आता ते कुठल्या कुठल्या घरांत बोलत होतं. नवा फोन जुन्यापेक्षा दोन बोटं उंच निघाला. त्यावर ॲपच्या खाली काळी पट्टी उरायची. ती घालवायची होती.

"वाढत्या पोराची जुनी विजार झालीय ती," समोरच्या टेबलावरून धाकटा म्हणाला. "लांब कर आणि मोकळी हो. उगाच खोलात शिरू नकोस."

तिने पान ताणलं. काळी पट्टी गेली. चौकोनांच्या शेवटच्या रांगेखाली एक बारीक ओळ दिसू लागली. तिने न लिहिलेली.

ॲप व त्यातील आवाजाचे सर्व हक्क कंपनीकडे.

"हे काय आहे रे?"

तो उठून आला. ओळ वाचायची त्याला गरज पडली नाही.

"ॲप विकत घेणाऱ्यांची अटच होती. ओळ पानावर असलीच पाहिजे."

"मग इतके दिवस दिसली कशी नाही?"

"तुझ्या फोनवर... मावत नव्हती."

"मावत नव्हती, की कडेखाली ढकललीस?"

ताईने ओळ पुन्हा वाचली.

"माझा आवाज विकलास?"

"ॲप विकलं गं. आवाज आत होता, तो गेला बरोबर."

"घर विकणारासुद्धा आत कोण झोपलंय ते बघतो."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ताई."

"हो."

धाकट्याने फोन घ्यायला हात पुढे केला. तिने सोडला नाही. ओढाओढीत त्याचा अंगठा काचेला लागला.

"आता बरं वाटतंय," ताईचा आवाज म्हणाला.

ताईचे ओठ मिटलेले होते.

ज्या उन्हाळ्यात ताईने ॲपसाठी आवाज भरला, त्या उन्हाळ्यात पंख्याची घरघर आत येऊ नये म्हणून पंखा बंद ठेवला होता, आणि धाकटा दुपारभर तिच्यामागे उभा राहून पुठ्ठ्याने वारा घालत होता.