उतारावरची बचत

पाण्याच्या टाकीपाशी चढ संपला आणि व्हॅनवाल्याचा हात सवयीने चावीकडे गेला. शेजारी पाचवीतल्या मुलीची आई बसली आहे हे ध्यानात येताच त्याने तो मागे घेतला आणि उगीचच आरसा सारखा केला.

इथून शाळेच्या फाटकापर्यंत सलग उतार होता. डिझेल तिसऱ्यांदा महागलं तेव्हापासून तो इथे गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करी. गाडी आपल्याच वजनाने खाली जाई. महिन्याकाठी जेमतेम दीड दिवसाचं डिझेल त्यातून सुटे. ब्रेक मात्र अशा वेळी दगडासारखा होई. अंगातलं सगळं बळ पायात आणून दाबावा लागे. मुलांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी ते विमान होतं.

"काका, विमान!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा रे."

"रोज तर करता! आम्ही श्वाससुद्धा धरून ठेवलाय!"

"कसलं विमान?" आईने विचारलं. बाईंना भेटायचं होतं म्हणून ती आज व्हॅनने निघाली होती. एवढ्यासाठी स्कूटर कशाला काढू, पेट्रोल काय नळाला येतं, असं गाडीत चढतानाच म्हणाली होती. गेल्या महिन्यात त्याने भाडेवाढीचा विषय काढला, तेव्हा "महागाई काय एकट्या तुम्हालाच आहे का, काका?" असं विचारणारीही तीच. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या होत्या.

"अगं आई, काका चावी बंद करतात," तिची मुलगी कौतुकाने म्हणाली. "मग गाडी आवाज न करता उडते!"

व्हॅनवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काहीतरी सारवासारव करावी म्हणून तो तोंड उघडणार, तोच डावीकडच्या गल्लीतून एक हातगाडी आडवी आली. त्याने ब्रेक दाबला. इंजिन चालू होतं. व्हॅन हातभर अंतरावर मुकाट्याने थांबली. हातगाडीवाला शिवी हासडून पुढे गेला. मुलं खिदळली.

आई हसली नाही. तिने आधी ब्रेकवरच्या त्याच्या पायाकडे पाहिलं, मग चावीकडे.

फाटकापाशी मुलं भराभरा उतरली. ती बसूनच राहिली.

"आज का नाही बंद केलंत?"

"तुम्ही होतात ना, ताई."

शब्द तोंडातून निसटले आणि त्याला जीभ चावावीशी वाटली. आता ही फाडून खाईल, दुपारच्या आत सगळ्या पालकांना कळेल, संध्याकाळी व्हॅन रिकामी. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"भाडं वाढवून दिलं असतं," ती म्हणाली, "तर केलं नसतंत?"

"नसतं केलं."

पर्सची चेन एकदा उघडून, एकदा लावून ती उतरली. दार लावायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

रात्रभर त्याला पालकांच्या फोनची धास्ती होती. एकही आला नाही. सकाळी तो नेहमीच्या कोपऱ्यावर पोहोचला, तर तिची मुलगी दप्तर पाठीला लावून उभी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई होती. त्याने मान वर केली, तेव्हा ती वाळत घातलेला टॉवेल पुन्हा झटकू लागली.

टाकी आली. मागे एकदम शांतता पसरली. मुलांनी गाल फुगवून श्वास धरले होते. त्याचा हात चावीपर्यंत गेला, तिथेच घुटमळला आणि गिअरवर परतला. इंजिन घरघरत राहिलं. अर्धा उतार संपला तसे एकेकाचे श्वास सुटू लागले.

सर्वांत लहान होता तो बाकावर गुडघे टेकून उभा राहिला. त्याने पुढच्या सीटवर डोकावून पाहिलं. तिथे नुसती दप्तरं होती.

"काका," त्याने दबक्या आवाजात विचारलं, "आज कुणाची आई लपलीये का?"

आणि सगळी मुलं वाकून बाकांखाली शोधू लागली.