सुहृदचा थकवा

चोवीस तासांच्या शर्यतीत शर्यतीसाठीच बनवलेली प्रोटोटाइप गाडी पहाटेपासून सुहृद चालवत होता आणि पाय मात्र शाल्मलीचे दुखत होते. पिटमध्ये, म्हणजे गाडी पेट्रोलसाठी थांबते त्या जागी, एका खाटेवर, डोक्यावर तारांची टोपी घालून, ती त्याचा थकवा अंगावर घेत पडली होती. दोघांनी आलटूनपालटून चालवायचं ठरलं होतं, पण तिचा नंबर काही लागत नव्हता.

रेडिओवर सुहृद हसला. “तावडे सर, मी एकदम ताजातवाना आहे. पुढची खेपही मीच घेतो.”

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पेट्रोल भरायला आला की मी ही टोपी काढणार,” ती मॅनेजर तावड्यांना म्हणाली.

“जिंकतोय आपण, शाल्मली. टोपी काढलीस तर सगळा थकवा एकदम त्याच्या अंगात परत जाईल.”

“त्याचाच आहे.”

गाडी पिटमध्ये येऊन थांबताच तिने टोपी ओढून काढली. सुहृदला दोन मेकॅनिकांनी धरून उतरवावं लागलं आणि त्याच्या जागी शाल्मली बसली. उतरणाऱ्याने बसणाऱ्याचे पट्टे आवळून द्यायचे, ही पिटची रीत. पण त्याच्या बोटांना बक्कल धरवेना.

“राहू दे,” म्हणत शाल्मलीने स्वतःच पट्टा आवळला. “तू जाऊन पड. खाट अजून गरम आहे.”