शाळा सोडल्याचा दाखला

गाडी बुधवारी निघणार होती आणि नुरझात सोमवारपासून आभाळाकडे डोळे लावून बसली होती. बर्फ पडायला हवा होता. भुरभुर नव्हे, घाट बंद पडेल असा. पण अख्खा जानेवारी छळणारं आभाळ नेमकं आता लख्ख निवळलं होतं, आणि पारा तेवढा उणे तीसच्या खाली गेला होता.

डिसेंबरपासून सगळं घर एकाच खोलीत राहत होतं. चुलीची ऊब दुसऱ्या खोलीला पुरतच नव्हती. सासूबाई, आठ वर्षांचा तिलेक, नुरझात, तिची तीन वर्षांची ऐझिरेक आणि रांगतं बाळ. नवरा रशियात बांधकामावर होता. हिवाळा अजून दोन महिने हलायचा नव्हता आणि सासूबाईंचे गुडघे पार धरले होते. म्हणून थोरले भावोजी कुबान राजधानीतून, बिश्केकहून, गाडी घेऊन आले होते.

"आईला मोठ्या दवाखान्यात दाखवतो," ते म्हणाले. "आता तिकडेच राहू दे तिला. तिलेकही येईल. त्याला तिच्याशिवाय झोप लागत नाही."

नुरझातला कुणी विचारलं नाही. सुनेला विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

तिलेक तिला वहिनी म्हणायचा आणि दिवसभर सळो की पळो करून सोडायचा. घसरगाडीवर कॅन ठेवून हापशावरून पाणी आणायचा, त्यातलं निम्मं वाटेत सांडायचा, आणि वर ऐट.

"मी गेल्यावर पाणी तूच आण, वहिनी. मग कळेल."

"हो का, धाकटे मालक? मग बुटात बर्फ भरून घरभर नाचणार कोण?"

ती त्याला धाकटे मालकच म्हणायची. सासरच्या माणसाचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आणि सासूबाई याबाबतीत फार कडक होत्या.

तशा त्या सगळ्याच बाबतीत कडक होत्या. मंगळवारी नुरझात तिलेकचे लोकरी मोजे त्याच्या पायाला लावून बघत होती, तर त्या अंथरुणातून म्हणाल्या, "राहू दे. माझ्या शेंडेफळाचं मी बघते. तू तुझ्या पोरांचं बघ."

"त्याचा डावा कान दुखतो, आई. वारा लागला की—"

"मला सांगतेस?"

नुरझातने कान झाकणारी टोपी तेवढी पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

शेजारची झूरा गोवऱ्या मागायला आली होती. झूराच्या जिभेला हाड नव्हतं. "तोंड का गं उतरलंय? आयता पाणक्या चालला म्हणून?"

"हो ना. आता माझे हाल आहेत."

हे खोटं नव्हतं. दोन पोरं घरात ठेवून पाण्याच्या खेपा कशा घालायच्या, हा प्रश्न होताच. पण त्याच्याविना घर खायला उठणार, हे तिला कुणापाशी बोलता येत नव्हतं.

झूराने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग कारण नसताना तिची शाल नीट केली. "उद्या संध्याकाळी पोरांना घेऊन जेवायलाच ये. एकटी बसू नकोस."

बुधवारी सकाळी गाडीचं इंजिन गारठून बसलं. नुरझातच्या जिवात जीव आला. भावोजींनी इंजिनाखाली निखारे सरकवले, आणि अर्ध्या तासात ते मेलं सुरूही झालं.

जाता जाता शाळेतून दाखला घ्यायचा होता. ऐझिरेक आणि बाळ झूराकडे राहिले. शाळेपाशी सासूबाई गाडीतच बसल्या, पायऱ्यांवर बर्फाचा गिलावा झाला होता. भावोजी, तिलेक आणि नुरझात आत गेले.

मुख्याध्यापिका बाई तालुक्याहून नुकत्याच बदलून आलेल्या. गावातलं कुणी त्यांना फारसं माहीत नव्हतं. भावोजींनी जन्मदाखला पुढे केला. बाईंनी कागद भरला आणि विचारलं, "मुलाची आई कुठे आहे? इथे माझ्यासमोर तिची सही लागेल."

"गाडीत," तिलेक म्हणाला. "तिचे गुडघे दुखतात."

"मी केली तर?" भावोजींनी विचारलं.

"चालायची नाही. आज जमत नसेल तर राहू द्या. मुलाला वसंतात न्या. दाखल्याशिवाय तिकडची शाळा घेणार नाही."

भावोजींनी नुरझातकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. टोपी हातात फिरवत राहिले.

तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. सासूबाईंना त्या पायऱ्या चढवणार नव्हत्या. मार्चपर्यंत तो इथे राहिला असता, एकदा राहिला की कदाचित पुढेही. तिने हात बाह्यांत ओढून घेतले.

"म्हणजे आई एकटीच जाणार?" तिलेकने विचारलं. आवाजातली ऐट पार गेली होती. त्याने खिडकीच्या गोठलेल्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, बाहीने पुसली आणि गाडीकडे बघत राहिला. "तिला तिकडे कुणी ओळखत नाही. तिचे पाय कोण चेपणार?"

मग तो रडायलाच लागला.

नुरझात टेबलापाशी गेली. "पेन द्या, बाई."

तिलेक रडता रडता हसला. "वहिनी, तुझी नाही गं. आईची सही पाहिजे."

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि त्या ओळीवर सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

बाईंनी जन्मदाखला उघडला, त्यातलं आईचं नाव त्या सहीशी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळत होतं. थोरलं नातवंड आजीने आपलं लेकरू म्हणून वाढवायचं, ही त्या घरची रीत कागदावर कुठेच नव्हती. त्यांनी शिक्का मारला.