डाव्या स्पीकरमधली टकटक

ही २००४ सालची गोष्ट. केंब्रिजच्या शालनताईंनी यजमान भास्करराव गेल्यापासून सहा वर्षं गाण्याचं नाव काढलं नव्हतं. ते लंडनच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. तिथून मोडीत निघालेले दोन मोठे मॉनिटर स्पीकर आणि ताईंच्या भजनाची एक टेप, एवढं त्यांनी मागे ठेवलं होतं. भास्कररावांचा स्वतःचा आवाज मात्र कुठेच टेप केलेला नव्हता.

भाचा अनुप वीकएंडला आला आणि त्यानं स्पीकरमधले जुने, आवाज दबका करणारे कपॅसिटर काढून नवे बसवले.

"मावशी, आता ऐक. इतके दिवस टेपवर कांबळं पांघरून गात होतीस!"

"मेल्या, पंचविशीतला गळा आहे तो!"

टेप लागली. आवाज इतका स्वच्छ आला की ताईंना राहवेना. त्या बरोबर गाऊ लागल्या. त्यांचा गंधार किंचित उतरला, आणि डाव्या स्पीकरमधून पेन्सिलीची टकटक आली. दोनदा. सूर ढळला की भास्करराव टेबलावर अशीच वाजवायचे.

अनुपनं टेप मागे घेऊन नुसतीच ऐकली. टकटक नव्हती.

"पुन्हा गा, मावशी," तो हळूच म्हणाला.

ताईंनी मुद्दाम गंधार उतरवला. टक, टक.

दुसऱ्या सकाळपासून ताई रोज रियाजाला बसू लागल्या. २००८ साली त्या गेल्या, आदल्या दिवसापर्यंत गात. स्पीकर आणि टेप अनुपनं साउथहॅम्प्टनला आपल्या घरी नेले. पुढच्या नाताळात त्याची सात वर्षांची लेक अन्वी टेपबरोबर गायला लागली आणि चुकली. डावीकडून टकटक झाली.

मग उजवीकडून कुणीतरी हसून म्हणालं, "अहो, असू द्या. शिकतेय ती."