क्लबच्या वरचा मजला

आमच्या खाली पूर्वी कापडाचं गोदाम होतं. संध्याकाळी सहाला कुलूप लागलं की सगळीकडे शुकशुकाट. चार वर्षांपूर्वी तिथे डान्स क्लब आला आणि रोज रात्री फरशीतून धडधड वर येऊ लागली. आमचे हे ठार बहिरे होऊन सात वर्षं झाली, त्यात दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. पण खाली धडधड सुरू झाली की ह्यांची बोटं पलंगाच्या कडेवर थरथरायची. मला ते बघवेना. क्लब बंद करा म्हणून अर्ज केला, अख्ख्या इमारतीच्या सह्या मीच गोळा केल्या.

क्लबचा डीजे हात जोडून वर आला.

"आजी, बेस कमी करतो. निदान शनिवार-रविवार तरी राहू द्या."

"आणि ह्यांनी काय करायचं रे?"

"पण आजोबांना तर ऐकूच येत नाही ना?"

"म्हणून काय त्यांचा पलंग हादरवायचा?"

बिचारा मान खाली घालून गेला.

सोमवारी क्लबला टाळं लागलं. त्या रात्री चार वर्षांनी पहिल्यांदा घर चिडीचूप होतं. मी समाधानाने दिवा मालवायला उठले, तर हे जागेच. आधी त्यांनी तळवा पलंगाच्या लाकडावर दाबून पाहिला, मग भिंतीवर. बराच वेळ तसाच ठेवला.

 

"एवढं एकच ऐकू येत होतं गं," ते म्हणाले, "आज तेही गेलं."